ग्रासमध्ये रास्टर विश्लेषणाची स्क्रिप्ट : येऊर ते खाडी, आणि दर वेळी बदलणारी टक्केवारी

कोपरी_काठ

आधीच सांगतो, ग्रास या नकाशा-विश्लेषणाच्या मुक्त सॉफ्टवेअरमधल्या आज्ञांची नावं इथे देवनागरीत लिहितोय. टर्मिनलवर टंकताना अर्थातच रोमन छोटी अक्षरं.

काम असं आहे. ठाण्यात येऊरच्या उतारावरून निघून वर्तकनगर आणि घोडबंदर रोडच्या पट्ट्यातून खाडीकडे जाणारे नाले घ्यायचे. प्रत्येकाचं पाणलोट क्षेत्र काढायचं. मग नाल्याच्या तळापासून २ मीटरच्या आत उंची असलेली, म्हणजे सखल जमीन प्रत्येक प्रभागात किती टक्के आहे ते काढायचं. उंचीसाठी कोपर्निकस या युरोपीय उपग्रह कार्यक्रमाचा ३० मीटरचा डीईएम, म्हणजे उंचीचं रास्टर (चौकोनी सेलच्या जाळीत मांडलेला नकाशा), ग्रास ८.३, स्क्रिप्ट पायथॉनमध्ये. क्रम:

१. आर.इम्पोर्ट वापरून डीईएम यूटीएम ४३ उत्तर या मीटरमधल्या प्रक्षेपणात आणला.
२. आर.वॉटरशेड, थ्रेशोल्ड (किती सेलचं पाणी जमल्यावर नाला धरायचा) ५००. त्यातून प्रवाहाची दिशा, नाले आणि पाणलोट.
३. आर.स्ट्रीम.डिस्टन्स या अ‍ॅडऑनने प्रत्येक सेलची जवळच्या नाल्यापासूनची उंची. यालाच हँड म्हणतात.
४. आर.मॅपकॅल्क: हँड २ पेक्षा कमी असेल तर १, नाहीतर ०.
५. प्रत्येक प्रभागाला आर.मास्क लावून (बाकीचा नकाशा झाकून) मोजणी, शेवटी टक्केवारी.

अडचणी तीन. एक, तीच स्क्रिप्ट दोनदा चालवली तर टक्केवारी बदलते, आणि नाल्यांची संख्याही. दोन, टक्केवारीच्या रास्टरमध्ये जवळपास सगळीकडे ० येतो. तीन, खाडीजवळ नाले एकदम काटकोनात वळून खारफुटीच्या कडेकडेने धावतात. प्रत्यक्षात तसं काहीच नाही.

---

चौकटकार

पहिल्या अडचणीचं उत्तर तुमच्या पाच पायऱ्यांत जे लिहिलेलंच नाही त्यात आहे: रीजन.

ग्रासमध्ये रास्टरचं बहुतेक प्रत्येक मॉड्यूल इनपुट नकाशाच्या चौकटीवर चालत नाही, चालू रीजनवर चालतं. रीजन म्हणजे चार कडा आणि सेलचा आकार. ती मॅपसेटमध्ये (एका कामाचे नकाशे ठेवायच्या फोल्डरमध्ये) फाइल म्हणून साठवलेली असते आणि सत्र बंद केलं तरी तशीच राहते. मधे कुणी पडद्यावर झूम करून 'रीजन इथे लावा' असं बटण दाबलं, दुसऱ्या कामासाठी ९० मीटर केलं, की पुढची स्क्रिप्ट त्याच चौकटीत धावते. चूक दाखवत नाही, कारण सॉफ्टवेअरच्या दृष्टीने चूक झालेलीच नसते. चौकट वेगळी असेल तर मॅपकॅल्क इनपुटला 'सर्वात जवळचा सेल' पद्धतीने नव्या सेलमध्ये बसवतं आणि पुढे जातं.

नाल्यांची संख्या का बदलते तेही यातच आहे. वॉटरशेडचा थ्रेशोल्ड सेलमध्ये मोजला जातो, क्षेत्रफळात नाही. ३० मीटरचा सेल ९०० चौरस मीटर. ५०० सेल म्हणजे ०.४५ चौरस किलोमीटर. रीजन ९० मीटरचं झालं की तेच ५०० सेल ४.०५ चौरस किलोमीटर होतात. छोटे नाले सगळे गायब. म्हणून थ्रेशोल्ड कधीच थेट आकड्यात लिहू नका. किती क्षेत्रफळावर नाला सुरू धरायचा ते चौरस मीटरमध्ये ठरवा आणि स्क्रिप्टमध्येच भागाकार करा:

सेल_क्षेत्र = रीजनमधलं एनएसरेझ × ईडब्ल्यूरेझ (सेलची उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम लांबी)
थ्रेशोल्ड = राउंड(४५०००० / सेल_क्षेत्र)

स्क्रिप्टची पहिली ओळ रीजनची हवी, आणि ती अशी:

जी.रीजन व्हेक्टर=पाणलोट_परिसर अलाइन=डीईएम -पी

'अलाइन' महत्त्वाचं. नुसतं रेझ=३० दिलं आणि कडा ३० ने भागल्या जात नसतील तर ग्रास सेलचा आकार किंचित बदलून चौकट भरतं. समजा उत्तर-दक्षिण अंतर १००१० मीटर आहे; ३० ने भागून ३३३.६७, तर ३३४ ओळी धरतं आणि सेल २९.९७ मीटरचा होतो. आता डीईएमच्या जाळीशी तुमची जाळी जुळत नाही. -ए दिलं तर सेल बरोबर ३० चा राहतो, कडा ३० च्या पटीत सरकतात. पण डीईएमची जाळी ३० च्या पटीवर सुरू होत नसेल तर अर्ध्या सेलपर्यंत सरक उरतेच. 'अलाइन' थेट डीईएमच्या जाळीला चिकटतं.

-पी ने छापलेला मजकूर निकालाच्या फाइलशेजारीच साठवा. दोन निकाल जुळत नाहीत तेव्हा आधी ही दोन पानं शेजारी ठेवायची.

आणखी एक: अशा कामाला दर वेळी नवं मॅपसेट करा. ग्रासला -सी आणि --एक्झेक देऊन स्क्रिप्ट थेट नव्या मॅपसेटमध्ये चालवता येते. जुन्या मॅपसेटमध्ये ओव्हरराइट लावून चालवलं आणि एखादी पायरी अटीमुळे वगळली गेली, तर पुढची पायरी मागच्या खेपेचा नकाशा उचलते आणि कुणाला कळत नाही. फक्त लक्षात असू द्या, नव्या मॅपसेटचं रीजन प्रोजेक्टच्या मूळ रीजनवरून येतं, तुमच्या डीईएमवरून नाही. पहिली ओळ टाळता येत नाही ती यामुळेही.

---

पायथॉनपंत

चौकटकार यांना +१. दुसरी अडचण माझ्याकडे.

प्रभागातल्या सखल सेलची संख्या आणि एकूण सेलची संख्या ही दोन्ही पूर्णांकी रास्टर आहेत. मॅपकॅल्कमध्ये पूर्णांक भागिले पूर्णांक म्हणजे पूर्णांकच. ५/२ चं उत्तर २, आणि ३७/२१० चं उत्तर ०. तुम्ही आधी भागलं, मग १०० ने गुणलं. शून्य गुणिले शंभर. १०० दिसतोय तो फक्त जिथे सगळेच सेल सखल आहेत तिथे. असं लिहा:

टक्के = १००.० * सखल / एकूण

दशांश चिन्ह आधी आलं पाहिजे. शेवटी '* १००.०' लावून उपयोग नाही, भागाकार तोवर होऊन गेलेला असतो.

दुसरं, हँडच्या अटीत नल, म्हणजे मूल्यच नसलेले सेल, कसे वागतात ते पाहा. तुमच्या स्क्रिप्टमध्ये पुढे 'नाला किंवा हँड २ पेक्षा कमी' अशी अट येईलच, कारण नाल्याचा सेल सखल धरावाच लागेल. नाल्याच्या रास्टरमध्ये नाला सोडून सगळं नल आहे. साध्या दोन दांड्यांचा 'किंवा' वापरला तर एक बाजू नल म्हणजे उत्तर नल. सगळा प्रभाग रिकामा. मग लोक तीन दांड्यांचा 'किंवा' वापरतात. तो नल आणि खरं यातून खरं देतो, पण नल आणि खोटं यातून पुन्हा नलच देतो. म्हणजे सखल नसलेली जमीन ० न होता नल होते, भाजकातून गळते आणि टक्केवारी फुगते. हा प्रकार फार दिवस लपून राहू शकतो, कारण नकाशा पाहायला अगदी ठीक दिसतो. सरळ मार्ग:

सखल = इफ(!इझनल(नाले) || हँड < २, १, ०)

इझनल नेहमी ० किंवा १ देतं, त्यामुळे नाल्याच्या बाजूने नल येतच नाही. हँड स्वतः नल असेल, म्हणजे प्रवाह नाल्याला न मिळता नकाशाच्या कडेला किंवा थेट खाडीत गेला असेल, तर उत्तर नल राहील. ते बरोबरच आहे. त्या सेलबद्दल आपल्याला काही म्हणता येत नाही. खाडीकाठच्या पट्टीत असे सेल निघतील.

पायरी ५ मात्र सगळीच काढून टाका. प्रभागागणिक मास्क लावायचा, मोजायचं, काढायचं, हे हळू तर आहेच, आणि मधे स्क्रिप्ट पडली तर मास्क तसाच राहतो. पुढची प्रत्येक आज्ञा एका प्रभागापुरतीच चालते. त्याऐवजी एकच ओळ:

आर.स्टॅट्स -ए इनपुट=प्रभाग,सखल सेपरेटर=कॉमा

प्रत्येक प्रभाग आणि ०, १ किंवा नल या जोडीमागे चौरस मीटर मिळतात. -एन मुद्दाम लावलेलं नाही. ते लावलं की नल असलेल्या ओळी गळतात. न लावता त्या तारांकनासह दिसतात आणि प्रभागाचा किती भाग हिशोबाबाहेर आहे ते डोळ्यांसमोर राहतं. टक्केवारी पायथॉनमध्ये काढा. पार्स_कमांडने येणारा प्रत्येक आकडा मजकूर असतो, हेही ध्यानात असू द्या. फ्लोटमध्ये बदलला नाही तर तुलनेत '९' हा '१०' पेक्षा मोठा ठरतो.

आर.स्टॅट्स पूर्णांकी नकाशांवरच चालवा. थेट हँडवर, म्हणजे दशांश रास्टरवर चालवलं तर ते मूल्यांचे २५५ समान टप्पे पाडतं आणि २ मीटरची सीमा टप्प्याच्या मधेच कुठेतरी पडते.

---

येऊरमाथा

आता तिसरी अडचण, जी स्क्रिप्टची नाही, उंचीच्या नकाशाची आहे.

कोपर्निकसचा ३० मीटर डीईएम रडारवरून बनलेला आहे आणि तो जमिनीचा नव्हे, पृष्ठभागाचा नकाशा आहे. एसआरटीएम हा नासाचा जुना रडार डीईएमही तसाच. येऊरला तो झाडांचे शेंडे दाखवतो, वर्तकनगरला इमारती, आणि खाडीकाठाला तिवरांचा माथा. शहर आणि खाडी यांच्यामध्ये खारफुटीचा सलग पट्टा काही मीटर उंच बांधासारखा उभा राहतो. वॉटरशेडला वाटतं समोर बांध आहे, म्हणून ते पाणी बांधाच्या कडेने सर्वात कमी उंचीची फट सापडेपर्यंत नेतं. तुमचे काटकोन तिथले आहेत.

इलाज दोन भागांत.

खाडी आधी नल करा. पाण्याचे सेल सपाट ठेवले तर प्रवाह खाडीच्या पृष्ठभागावरून मनमानी दिशेने पुढे चालू राहतो. नल केले की वॉटरशेड त्याला नकाशाची कड समजतं आणि पाणी तिथेच बाहेर पडतं. पण 'उंची शून्य किंवा कमी तर नल' असं करू नका. भरावाच्या सपाट जमिनीवरही त्रुटीमुळे शून्याखालचे सेल असतात, ते सगळे खाडीत जमा होतील. कोपर्निकसच्या डीईएमसोबत जलाशयांचा वेगळा थर मिळतो, तो वापरा, किंवा ओपनस्ट्रीटमॅपचे पाण्याचे बहुभुज.

मग नाले कोरा. ५–६ मीटर रुंदीचा काँक्रीटचा नाला ३० मीटरच्या सेलमध्ये दिसणं शक्य नाही. ओपनस्ट्रीटमॅपवरच्या किंवा स्वतः आखलेल्या नाल्यांच्या रेषा व्ही.टू.रास्टने रास्टर करा, -डी लावून, म्हणजे रेषेने स्पर्श केलेले सगळे सेल येतात आणि कोपऱ्याकोपऱ्याने फटी राहत नाहीत. मग

कोरलेला = इफ(इझनल(नाला_रेषा), डीईएम, डीईएम - १०)

रेषा खारफुटीतून पार खाडीच्या नल सेलपर्यंत गेली पाहिजे. एक सेल जरी मधे सुटला तरी बांध तसाच राहिला.

इथे सर्वात जास्त होणारी चूक सांगतो. कोरलेला डीईएम फक्त दिशा काढण्यासाठी. हँड काढतानाही तोच दिला तर नाल्याचा तळ खोटा १० मीटर खाली गेलेला असतो आणि प्रत्येक सेलचा हँड १० ने वाढतो. २ मीटरच्या आत कुणीच उरत नाही. आर.स्ट्रीम.डिस्टन्सला दिशा आणि नाले कोरलेल्या डीईएमवरचे द्या, पण एलेव्हेशन मूळ डीईएमचा. पद्धत डाउनस्ट्रीम, आणि हवा असलेला आउटपुट डिफरन्स, डिस्टन्स नाही. मूळ डीईएम वापरल्यामुळे काही सेलचा हँड ऋण येईल, नाल्यापेक्षा खाली. त्यांना मॅक्स(०, हँड) करा, नल करू नका. नेमके तेच सेल सखल आहेत.

दिशा आणि नाले एकाच मॉड्यूलच्या एकाच खेपेतून आलेले हवेत. दिशा वॉटरशेडची आणि नाले आर.स्ट्रीम.एक्स्ट्रॅक्टचे घेतले तर एखाद्या सेलला दोन्ही वेगळीकडे नेतात आणि हँडमध्ये मधेच भोकं पडतात.

अवांतर: आर.फिल.डिर चालवून आधी खड्डे भरायचा सल्ला जुन्या टिपणांत सापडेल. वॉटरशेडला ते लागत नाही. ते खड्ड्यातून सर्वात स्वस्त वाट शोधून बाहेर पडतं, आणि भरलेल्या डीईएमवर सपाट भाग उलट वाढतात.

---

कोपरी_काठ

रीजन, भागाकार आणि नल या तिन्ही दुरुस्त्या केल्या. दोन नव्या मॅपसेटमध्ये चालवून आकडे अक्षरशः एकसारखे आले. नाले खारफुटीतून आरपार जाताहेत. आभार.

दोन गोष्टी अजून. प्रवाहसंचयाच्या नकाशात (प्रत्येक सेलमध्ये वरच्या किती सेलचं पाणी येतं) येऊरच्या बाजूला बरेच ऋण आकडे आहेत. आणि आर.इम्पोर्टनंतर उताराच्या नकाशावर बारीक उभेआडवे पट्टे दिसतात.

---

चौकटकार

ऋण संचय म्हणजे वॉटरशेड सांगतंय: 'इथे चौकटीबाहेरूनही पाणी येत असू शकतं, माझा आकडा अपुरा आहे.' रीजन महापालिकेच्या हद्दीवर कापलंय का? पाणलोटाला हद्द कळत नाही. नाल्यांचा उगम येऊरच्या माथ्यावर, राष्ट्रीय उद्यानाच्या आत आहे, आणि माथ्याची धार पूर्ण चौकटीत यायला हवी. जी.रीजन ग्रो=१०० करून पुन्हा चालवा, ३० मीटरवर ते चारही बाजूंनी ३ किलोमीटर होतात. तुमच्या नाल्यांवर ऋण आकडे उरले नाहीत म्हणजे चौकट पुरेशी. -ए लावून सगळे आकडे धन करता येतात, पण तो इशारा पुसण्याचा प्रकार आहे. चौकट तपासून झाल्याशिवाय लावू नका. हद्दीचा मास्क लावून वॉटरशेड चालवणं हीही तीच चूक. हद्द शेवटच्या मोजणीत आणा, आधी नाही.

पट्टे फेरप्रक्षेपणाचे. डीईएम मुळात अक्षांश-रेखांशात, १ सेकंदाचा. ठाण्याच्या अक्षांशावर १ सेकंद उत्तर-दक्षिण सुमारे ३०.७ मीटर आणि पूर्व-पश्चिम सुमारे २९.२ मीटर. ३० मीटरच्या चौरस जाळीत 'सर्वात जवळचा सेल' पद्धतीने बसवलं की ठरावीक अंतराने एखादी ओळ दुप्पट होते, एखादा स्तंभ गळतो. उंचीत दिसत नाही, उतारात लगेच दिसतं. आर.इम्पोर्टला रीसॅम्पल=बायलिनियर (शेजारच्या चार सेलची भारित सरासरी) आणि रेझोल्यूशन=व्हॅल्यू, रेझोल्यूशन_व्हॅल्यू=३० द्या. बायलिनियरने नलच्या कडेला एक सेलची किनार गळते. ती नको असेल तर बायलिनियर_एफ. एसआरटीएम वापरणाऱ्यांसाठी: रिकाम्या जागांचे −३२७६८ आधी आर.नलने नल करा, मगच फेरप्रक्षेपण. उलट क्रमाने केलं तर −३२७६८ शेजारच्या खऱ्या उंचीत मिसळतो आणि अर्धवट वेडे आकडे राहतात, जे नंतर कुठल्याच अटीत पकडता येत नाहीत.

प्रभागासारख्या वर्गीकरणाच्या रास्टरला मात्र बायलिनियर कधीच लावू नका. प्रभाग ४ आणि प्रभाग ६ यांच्या सीमेवर प्रभाग ५ तयार होतो.

---

नेरुळ_पूर्व

हीच पद्धत खाडीच्या या बाजूला, वाशी-सानपाडा-नेरुळच्या पट्ट्याला लावायची असेल तर चार गोष्टी वेगळ्या पडतात.

धारण तलाव. सिडकोने नोडच्या रचनेतच पावसाचं पाणी साठवायला तलाव ठेवले; भरतीला झडपा बंद होतात, ओहोटीला उघडून पाणी खाडीत जातं. वॉटरशेडला हे ठाऊक नसतं, ते तलावातून सरळ बाहेरची वाट काढतं. त्यासाठी 'डिप्रेशन' हा पर्याय आहे: तलावांचं रास्टर द्यायचं, त्यातले नल नसलेले आणि शून्य नसलेले सेल खरे खड्डे धरले जातात आणि पाणी तिथेच थांबतं. दोन खेपा चालवा. डिप्रेशनसह म्हणजे झडपा बंद, त्याशिवाय म्हणजे उघड्या. कुठल्या तलावावर किती क्षेत्राचं पाणी येतं ते पहिल्या खेपेतून मिळतं, आणि मला तरी तोच आकडा जास्त उपयोगाचा वाटतो. भर पावसात उधाण आलं की हीच स्थिती असते.

भरतीची उंची. भरतीच्या तक्त्यातले ४.८ मीटर थेट डीईएमवर लावू नका. तक्ता चार्ट डेटमपासून (सर्वात नीच ओहोटीच्या आसपासच्या पातळीपासून) मोजतो, डीईएम साधारण सरासरी समुद्रसपाटीपासून. मुंबईला सरासरी समुद्रसपाटी चार्ट डेटमच्या सुमारे अडीच मीटर वर आहे. म्हणजे ४.८ ची भरती डीईएमच्या भाषेत सुमारे २.३ मीटर. आर.लेकला वॉटर_लेव्हल=२.३ देऊन बी, म्हणजे पाणी जिथून भरत जायचं तो सेल, खाडीत टाका. हे मॉड्यूल खाडीशी सलग जोडलेले सेलच भरतं, बंदिस्त सखल भाग कोरडे ठेवतं. बी टाकलेला सेल नल नको, म्हणून इथे खाडी नल न केलेला मूळ डीईएम घ्या.

कार्टोडीईएम. भुवनवरून मिळणारा, कार्टोसॅट-१ वरून बनलेला. त्याची उंची डब्ल्यूजीएस ८४ दीर्घवर्तुळजापासून (पृथ्वीच्या गुळगुळीत गणिती आकारापासून) असते. आपल्या भागात भूआभ (जिओइड, साधारण समुद्रसपाटीचा पृष्ठभाग) दीर्घवर्तुळजाच्या साठ मीटरहून जास्त खाली आहे, त्यामुळे अख्खं वाशी −६० च्या आसपास दिसतं. नकाशा खराब नाही, संदर्भपातळी वेगळी आहे. एकट्याने वापरलात तर उतार आणि हँडला फरक पडत नाही, कारण तिथे उंचीतला फरकच लागतो. भूआभ इतक्या छोट्या क्षेत्रात जवळजवळ सपाट आहे. पण कोपर्निकसला आर.पॅचने जोडलात तर जोडावर साठ मीटरचा कडा उभा राहतो. एसआरटीएम ईजीएम ९६ वर आणि कोपर्निकस ईजीएम २००८ वर, अशा भूआभाच्या दोन वेगळ्या प्रारूपांवर आहे. हा फरक छोटा, पण २ मीटरच्या हिशोबात तोही दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

आणि डीईएमचं वय. एसआरटीएम फेब्रुवारी २००० चा, कोपर्निकसची मूळ मापनं २०११ ते २०१५ मधली. विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापली आणि उलवे नदीचा प्रवाह वळवला, ते यांतल्या कशातच नाही. तिथलं पाणलोट या नकाशांवरून काढलं तर आज अस्तित्वात नसलेल्या टेकडीवरून पाणी खाली येईल. तिथे नव्या प्रवाहाची रेषा कोरूनही भागत नाही, टेकडीचे सेल नव्या सर्वेक्षणातूनच बदलायला हवेत.

---

कळवा_नवशिका

क्यूजीआयएस या दुसऱ्या मुक्त नकाशा-सॉफ्टवेअरच्या टूलबॉक्समधून ग्रासची हीच मॉड्यूल चालवली तर रीजनची भानगड टळते का?

---

चौकटकार

टळत नाही, झाकली जाते. तिथे प्रत्येक ग्रास अल्गोरिदमच्या खिडकीत खाली, प्रगत पर्यायांत, रीजनची व्याप्ती आणि सेलचा आकार अशा दोन जागा असतात. रिकाम्या सोडल्या तर दिलेल्या थरांवरून चौकट दर वेळी नव्याने ठरते. दोन पायऱ्यांना वेगळे थर दिले की दोन पायऱ्यांची जाळी वेगळी. दोन्ही जागा दर पायरीला हाताने भरा, त्याच आकड्यांनी. तीन-चार पायऱ्यांपर्यंत ते चालतं. त्यापुढे ग्रासच्या आतूनच स्क्रिप्ट चालवलेली बरी.

---

कोपरी_काठ

आता एकाच वेळी वेगवेगळे थ्रेशोल्ड चालवायचे आहेत. चार खेपा समांतर सुरू केल्या तर निकाल पुन्हा बिघडले.

---

पायथॉनपंत

चारही खेपा एकाच मॅपसेटमध्ये असतील तर रीजनची फाइल एक आणि ती बदलणारे चार. मास्कचंही तेच. तीन वाटा आहेत.

रीजन फक्त वाचायचं असेल, बदलायचं नसेल, आणि आउटपुटची नावं वेगळी असतील तर एकाच मॅपसेटमध्ये काही बिघडत नाही. तुमचे फक्त थ्रेशोल्ड वेगळे आहेत, म्हणून जी.रीजन समांतर भागाच्या आधी एकदाच चालवा. बहुधा तेवढंच पुरेल.

प्रत्येक खेपेचं रीजन वेगळं हवं असेल तर पर्यावरणाची प्रत करून तिच्यात ग्रास_रीजन भरा. त्यासाठी स्क्रिप्ट लायब्ररीत रीजन_एनव्ही हे फंक्शन आहे. मग ती प्रत रन_कमांडला एनव्ही= म्हणून द्या. यूज_टेम्प_रीजन थ्रेडमध्ये वापरू नका. ते प्रक्रियेचंच पर्यावरण बदलतं, आणि सगळे थ्रेड तेच वाटून घेतात. वेगळ्या प्रक्रियांमध्ये ते चालतं.

कामं मोठी असतील तर प्रत्येकाला वेगळं मॅपसेट. इनपुट पर्मनंट या प्रोजेक्टच्या मूळ मॅपसेटमध्ये ठेवून नाव@पर्मनंट असं वाचायचं.

शिवाय काही मॉड्यूलना, उदाहरणार्थ आर.नेबर्स, आर.स्लोप.अ‍ॅस्पेक्ट, एनप्रॉक्स हा पर्याय असतो. एकच काम आतल्या आत अनेक कोअरवर वाटलं जातं. मास्क लागलेला असला तर हे वाटणं बंद होतं आणि काम एका कोअरवर चालतं. आठ कोअर देऊनही वेग वाढत नाही तेव्हा आधी मास्क पाहा. मास्क टाळायचं हे आणखी एक कारण.

---

येऊरमाथा

निकाल कुणाला देण्याआधी एक पायरी वाढवा अशी विनंती आहे.

कोपर्निकसच्या डीईएमची उभी अचूकता ९० टक्के विश्वासपातळीला निरपेक्ष ४ मीटरच्या आत, आणि २० टक्क्यांपर्यंतच्या उतारावर सापेक्ष २ मीटरच्या आत अशी सांगितलेली आहे. हँडला सापेक्ष लागते. म्हणजे आपली २ मीटरची रेघ नेमकी त्रुटीएवढीच आहे. 'या प्रभागात सखल जमीन इतके टक्के' असा एकच आकडा देणं बरोबर नाही, मग स्क्रिप्ट कितीही निर्दोष असो. ज्यांच्या घरांवरून ती रेघ जाणार आहे त्यांना तिची जाडी कळली पाहिजे.

करायचं असं. २ मीटर भागिले १.६४५, म्हणजे प्रमाण विचलन सुमारे १.२ मीटर धरू. ही त्रुटी सेलगणिक स्वतंत्र नसते, शेजारच्या सेलना मिळतीजुळती असते. म्हणून आधी यादृच्छिक रास्टर, मग ९×९ च्या खिडकीत सरासरी:

गोंगाट = रँड(-१८.७, १८.७), मॅपकॅल्कला सीड=खेपेचा क्रमांक
आर.नेबर्स इनपुट=गोंगाट साइझ=९ मेथड=अ‍ॅव्हरेज

१८.७ कुठून आला: ८१ सेलच्या सरासरीने विचलन ९ पट घटतं, म्हणून आधी १०.८ हवं, समान वितरणाची अर्धी रुंदी विचलनाच्या √३ पट, म्हणून १८.७. आकडे दशांशात लिहा. पूर्णांक दिले तर रँड पूर्णांकच देतं. सीड दिल्यामुळे तीच खेप पुन्हा तशीच काढता येते.

हा गोंगाट मूळ डीईएममध्ये मिळवायचा, नाले पुन्हा कोरायचे, वॉटरशेडपासून सखलपर्यंत सगळं. अशा ५० खेपा. शेवटी आर.सिरीजने पन्नास सखल नकाशांची सरासरी: प्रत्येक सेल किती खेपांत सखल ठरला त्याचं ० ते १ मध्ये प्रमाण मिळतं. प्रभागाचे पन्नास आकडे क्रमाने लावून पाचवा आणि शेहेचाळिसावा द्या. उताराच्या प्रभागात दोघे जवळ असतील, खाडीकाठच्या सपाट भागात लांब.

झाडं आणि इमारतींची उंची ही त्रुटी नव्हे, एकाच दिशेचा कल आहे. तो या गोंगाटात येत नाही. त्यासाठी फॅबडीईएम पाहा. कोपर्निकसमधूनच झाडं-इमारती वजा करून बनवला आहे. परवाना अव्यावसायिक वापरापुरता.

---

पायथॉनपंत

आणि खऱ्या डीईएमवर ५० खेपा लावण्याआधी स्क्रिप्टला लहान परीक्षा द्या. रीजन ३ ओळी × ४ स्तंभांचं करा, मॅपकॅल्कमध्ये 'रो() * कॉल()'. बेरीज (१+२+३) × (१+२+३+४) = ६० यायला हवी; आर.युनिव्हर -जी मधली सम ओळ पाहा. मग एक सेल मुद्दाम नल करा आणि तुमची टक्केवारीची पायरी त्यावर चालवा. भाजक १२ राहतो की ११ होतो ते इथे बारा सेलमध्ये कळतं. खऱ्या नकाशावर दर वेळी तपासायची ओळ एकच: एन अधिक नल_सेल्स बरोबर सेल्स, आणि सेल्स बरोबर जी.रीजन -जी मधला आकडा. जुळलं नाही तर स्क्रिप्ट तिथेच थांबवा, फेटल वापरून.

---

कोपरी_काठ

परीक्षेत ११ आला. नल झालेला सेल टक्केवारीच्या भाजकातून गळत होता, आर.स्टॅट्सच्या ओळींमधली तारांकनाची ओळ माझ्या पायथॉनच्या चक्रात वगळली जात होती. आता प्रभागाचं एकूण क्षेत्र, हिशोबातलं क्षेत्र आणि नल क्षेत्र असे तीन वेगळे स्तंभ छापतो.

सुधारलेला क्रम असा: नवं मॅपसेट, आर.इम्पोर्ट बायलिनियर ३० मीटर, रीजन परिसर, अलाइन, ग्रो १००, छापून साठवणं, खाडी नल, नाले कोरणं, थ्रेशोल्ड क्षेत्रफळावरून, वॉटरशेड कोरलेल्यावर, हँड मूळ डीईएमवर, ऋण ते ०, सखल इझनलसह, आर.स्टॅट्स -एन शिवाय, सेलसंख्येची तपासणी. गोंगाटाच्या ५० खेपा हा क्रम फंक्शन करून वेगवेगळ्या मॅपसेटमध्ये, एका वेळी चार.

उपवन तलाव राहिला आहे. तो डिप्रेशनमध्ये द्यायचा की नाल्याचा भाग धरायचा?

---

नेरुळ_पूर्व

तलावाला सांडवा आहे आणि भरल्यावर पाणी पुढे जातं, म्हणून डिप्रेशनमध्ये देऊ नका. दिलंत तर त्याच्या वरचं सगळं येऊरचं पाणलोट खालच्या नाल्यापासून तुटेल. नाल्याची रेषा तलावातून सांडव्यापर्यंत आणि तिथून पुढे सलग आखा. हँडमध्ये तलावाचे सेल सखल येतील, ते शेवटच्या मोजणीत पाण्याच्या बहुभुजाने वगळा आणि पाणी म्हणून चौथा स्तंभ छापा.